चार मिलिमीटरचा घोस्ट

चोवीस तास कार्यक्रम दाखवण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी प्रत्येक दूरचित्रवाणी केंद्राचा दिवस कुठेतरी संपत असे. शेवटच्या बातम्या झाल्या आणि निरोपाची पाटी लागली की स्टुडिओकडून कलर बार आणि त्यांच्या जोडीला एक किलोहर्ट्झचा एकसुरी आवाज येई, त्यानंतर टेस्ट पॅटर्न लागे आणि थोड्या वेळाने ट्रान्समीटर बंद होई. मग घरोघरच्या पडद्यांवर मुंग्या. प्रेक्षकांच्या लेखी त्या वेळी काहीच चालू नसे, पण प्रक्षेपण केंद्रातल्या आम्हा इंजिनिअर मंडळींचे खरे काम तेव्हाच सुरू होई, कारण दिवसभर ज्या यंत्रांना हात लावण्याची सोय नव्हती ती तेवढ्या वेळापुरती मोकळी सापडत. मी पुढे सांगणार आहे ते प्रकरण अ‍ॅनालॉगच्या काळातले, अशाच एका केंद्रावर रात्रपाळी करत असतानाचे आहे.

आमच्या केंद्राकडे बरेच दिवस एकाच प्रकारच्या तक्रारी येत होत्या. चित्र डबल दिसते, निवेदकाच्या चेहऱ्याच्या उजवीकडे आणखी एक फिकट कड दिसते, अक्षरांना सावली पडते, असे लोक कळवत. अशा फिकट दुसऱ्या प्रतिमेला आम्ही घोस्ट म्हणतो. अशा तक्रारीला ठरलेले उत्तर असते: तुमच्या घराजवळच्या एखाद्या उंच इमारतीवरून किंवा टेकडीवरून लहरी परावर्तित होत असतील, अँटेनाची दिशा बदलून पाहा. हे उत्तर बहुतेक वेळा खरेही असते. पण या तक्रारी मनोऱ्याच्या चारही बाजूंनी येत होत्या आणि टेकडी काही चारही बाजूंना नव्हती. शिवाय जवळजवळ सगळ्या तक्रारी रात्रीच्या कार्यक्रमांबद्दलच्या होत्या. टीव्ही दुरुस्त करणारे कारागीर सकाळच्या टेस्ट पॅटर्नवर संच लावून घेत, त्यांचे म्हणणे असे की पॅटर्न अगदी स्वच्छ दिसतो. आमच्या सकाळच्या नोंदीही तेच सांगत होत्या.

टेस्ट पॅटर्न हे पडदा रिकामा राहू नये म्हणून लावलेले चित्र आहे असा समज सर्रास आढळतो. वास्तविक ते मोजमापाचे साधन आहे. १९३९ साली आरसीए या अमेरिकी कंपनीने आणलेल्या, आदिवासी सरदाराचा चेहरा असलेल्या प्रसिद्ध पॅटर्नसाठी मोनोस्कोप नावाची खास नळी बनवली होती. त्या नळीच्या आतच ते एकमेव चित्र कोरलेले असे, म्हणजे कॅमेऱ्याच्या दोषांचा प्रश्नच उरत नसे. २ जुलै १९६७ रोजी बीबीसीने प्रथम दाखवलेल्या टेस्ट कार्ड एफमध्ये कॅरोल हर्सी ही मुलगी फळ्यावर फुली-गोळा खेळताना दिसते. तिचा चेहरा त्वचेचा रंग तपासण्यासाठी होता आणि फळ्यावरची फुली पडद्याच्या नेमक्या मध्यावर येत असे. आमच्याकडे होता तो फिलिप्सचा पीएम ५५४४ या जनरेटरचा, फिन हेन्डिल या डॅनिश इंजिनिअरच्या गटाने रचलेला, वर्तुळाचा पॅटर्न. त्यात छायाचित्र नाही, सगळे विद्युत संकेतांनी तयार केलेले: राखाडी पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांची जाळी, मधल्या वर्तुळात रंगपट्टे आणि वाढत्या वारंवारतेच्या बारीक उभ्या रेषांचे पट्टे. मला विचाराल तर छायाचित्राच्या कार्डापेक्षा हाच उपयोगी. चेहरा चांगला दिसतो की वाईट यावर तासभर वाद घालता येतो, पण राखाडीवरच्या पांढऱ्या रेषेच्या उजवीकडे दुसरी रेष आहे की नाही, यावर वाद होऊ शकत नाही.

त्याच सुमारास वरून एक प्रस्ताव आला होता की रात्रीचा टेस्ट पॅटर्न पूर्णपणे बंद करावा आणि शेवटचा कार्यक्रम संपताक्षणी ट्रान्समीटर उतरवावा, म्हणजे विजेची बचत होईल. तसेही तो पॅटर्न रात्री नीट बघत कोणी बसत नसे. नोंदवहीत ‘ठीक’ असा शेरा पडे आणि सगळे पुढच्या कामाला लागत. तक्रारी रात्रीच्या आणि आमची तपासणी सकाळची, हे मला खटकत होते. म्हणून मी वरिष्ठांची परवानगी घेऊन त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर पॅटर्न पूर्ण शक्तीवर चालू ठेवला, टोनचा आवाज बारीक केला आणि दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावले. एका मॉनिटरवर स्टुडिओकडून येणारा मूळ संकेत होता. दुसऱ्यावर फीडरच्या, म्हणजे ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत लहर नेणाऱ्या नळीच्या, सुरुवातीलाच बसवलेल्या प्रोबमधून (लहरीचा नमुना घेणाऱ्या टोकातून) डिमॉड्युलेटरकडे (लहरीतून पुन्हा चित्र काढणाऱ्या यंत्राकडे) आलेला, म्हणजे आम्ही प्रत्यक्ष वर पाठवत असलेला संकेत होता.

पहिल्या मॉनिटरवर जाळी स्वच्छ होती. दुसऱ्यावर प्रत्येक उभ्या पांढऱ्या रेषेच्या उजवीकडे अगदी फिकट अशी दुसरी रेष होती. आडव्या रेषांना मात्र काहीही झालेले नव्हते. चित्र हलते असते तर ती फिकट रेष माझ्याही नजरेतून सुटली असती. संकेत प्रोबवरूनच घेतलेला असल्यामुळे टेकड्या आणि इमारती तिथेच निकालात निघाल्या. दोष आमच्या घरातलाच होता.

मग मी काचेवर पट्टी धरली. मॉनिटर अंडरस्कॅनवर होता, त्यामुळे चित्राच्या दोन्ही कडा दिसत होत्या. रुंदी चाळीस सेंटिमीटर. ६२५ ओळींच्या पद्धतीत एका ओळीचा चित्र दाखवणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे पडद्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे ०.१३ मायक्रोसेकंद. मूळ रेष आणि घोस्ट यांच्यात चार मिलिमीटर अंतर होते, म्हणजे साधारण अर्धा मायक्रोसेकंद. चित्रातली एकच ओळ निवडून देणारा लाइन सिलेक्टर लावून ऑसिलोस्कोपवर तीच ओळ पाहिली तेव्हा आकडा ०.५४ मायक्रोसेकंद असा आला. आतला अवकाश हवेनेच भरलेला असल्यामुळे आमच्या कडक तांब्याच्या फीडरमध्ये लहर जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने जाते. तेवढ्या वेळात ती १६२ मीटर चालते. फीडरमधल्या एखाद्या बिघडलेल्या जागेवरून लहरीचा काही अंश परत खाली येतो, ट्रान्समीटरच्या टोकावर आपटून पुन्हा वर जातो आणि मूळ संकेताच्या मागोमाग अँटेनातून बाहेर पडतो. हा जाऊन येऊन झालेला प्रवास आहे, म्हणून १६२ चे निम्मे करायचे. बिघाड ८१ मीटरवर होता.

हा आकडा महत्त्वाचा होता, कारण सगळ्यांचा संशय अँटेनावर होता आणि अँटेना १२० मीटरवर होती. दोष तिथे असता तर घोस्ट सहा मिलिमीटरवर पडला असता. फीडर सहा-सहा मीटरच्या नळ्या जोडून केलेला होता, तेव्हा ८१ मीटर म्हणजे तेरावा किंवा चौदावा सांधा. रिफ्लेक्टेड पॉवरच्या, म्हणजे परत येणाऱ्या शक्तीच्या, मीटरवर काटा नेहमीपेक्षा थोडा वर होता खरा, पण ट्रान्समीटर ट्रिप होण्याइतका नव्हता, आणि कितव्या मीटरवर बिघाड आहे हे तो काटा कधीच सांगू शकत नाही.

ट्रान्समीटर बंद केला, मेन स्विचला कुलूप घातले आणि ठरल्या शिस्तीप्रमाणे किल्ली वर चढणाऱ्या रिगरच्याच खिशात दिली. मनोऱ्यावर वारा होता आणि लोखंड थंड पडले होते. तो सांधे मोजत वर गेला आणि थोड्या वेळाने वॉकीटॉकीवर म्हणाला, “साहेब, बाकीचे सगळे गार आहेत. तेरावा अजून कोमट लागतोय.”

तिथेच सकाळ आणि रात्र यांच्यातल्या फरकाचा उलगडा झाला. दोन नळ्यांचे आतले वाहक ज्या स्प्रिंगदार जोडाने एकमेकांत बसतात, त्या जोडाची पकड सैल झाली होती. रात्रभर विश्रांती मिळाल्यावर तो सकाळी थंड असे आणि बऱ्यापैकी चिकटून बसे. दिवसभर पूर्ण शक्ती वाहून नेल्यावर तो तापे, पकड आणखी ढिली होई, त्यामुळे तो अधिक तापे, आणि संध्याकाळनंतर त्या जागेवरून लहर परतू लागे. फ्लँज उघडून काढलेला तो जोड खाली आला तेव्हा त्याच्या पितळी पाकळ्यांपैकी एका बाजूच्या काळ्यानिळ्या पडल्या होत्या आणि बोटाने दाबल्या तर परत उसळत नव्हत्या. शेजारची टेफ्लॉनची चकती कडेने करपली होती आणि तिला तो उग्र वास होता जो एकदा घेतला की कोणताही ट्रान्समीटरवाला विसरत नाही. आणखी काही आठवडे गेले असते तर तिथे ठिणगी पडून फीडर आतून जळाला असता आणि केंद्र रात्रीपुरते नव्हे, चांगलेच बंद पडले असते.

नवा जोड, नवी चकती आणि नवी रबरी कडी बसवून फीडरमध्ये कोरडी हवा भरली आणि उजाडण्यापूर्वी शक्ती हळूहळू चढवली. सांधा थंड असताना चित्र स्वच्छ दिसणारच होते, त्यामुळे त्या वेळच्या पॅटर्नला मी काहीच किंमत दिली नाही. दुसऱ्या रात्री दिवसभराच्या प्रक्षेपणानंतर तोच पॅटर्न पुन्हा पूर्ण शक्तीवर लावला, पट्टी आणि ऑसिलोस्कोप दोन्ही घेऊन बसलो, आणि उभ्या रेषा एकेरी असल्याची खात्री झाल्यावरच नोंदवहीत सही केली. विजेच्या बचतीचा प्रस्ताव या नोंदीसह परत गेला; रात्रीचा पॅटर्न राहिला, आणि त्याच्या नोंदीत ‘ठीक’ या शब्दाऐवजी घोस्टचे मोजमाप लिहिण्याचा रकाना आला.

काही वर्षांनी कार्यक्रम चोवीस तास सुरू झाले तेव्हा तो पॅटर्न गेलाच. मोजमापासाठी मग उभ्या ब्लँकिंगमधल्या, म्हणजे एक चित्र संपून पुढचे सुरू होण्याच्या मधल्या, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या १७, १८, ३३० आणि ३३१ या ओळींवर घातलेले टेस्ट सिग्नल वापरू लागलो. कार्यक्रम चालू असतानाच त्यांच्यावरून घोस्ट मोजता येत असे, मध्यरात्रीची वाट पाहावी लागत नसे, आणि या एका बाबतीत नवी सोय जुन्यापेक्षा निःसंशय सरस होती. मनोऱ्यावर चढण्यासाठी मात्र ट्रान्समीटर बंदच करावा लागे, आणि त्यासाठी अर्ध्या तासाची वेळ मागायची तर आता कार्यक्रम विभागाकडे आठवडाभर आधी अर्ज द्यावा लागत असे.