गाडीचं पासिंग बदललं, तेव्हा कुठे पास मिळाला

राहायला खानापूर, नोकरी बेळगावात उद्यमबागेत. मधे गणेबैलचा टोल नाका. रोज जाऊन येऊन दोन वेळा. चोवीस तासांत परत आलं तर दोन्ही खेपांचे मिळून दीडपट पडतात, दुप्पट नाही. पण महिन्याचे पंचवीस दिवस धरले की फास्टॅगचे मेसेज बघवत नाहीत. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला खाजगी गाडीसाठी महिन्याचा लोकल पास मिळतो, आणि २०२५ च्या एप्रिलपासून तो ३५० रुपयांना झाला होता, हे मला ऑफिसातल्या पोरानं सांगितलं. इतके महिने मी काय करत होतो, विचारू नका.

आधार कार्ड, आरसी आणि ३५० रुपये घेऊन एका शनिवारी नाक्याच्या ऑफिसात गेलो. खिडकीतला मुलगा आमच्याच बाजूचा. आरसी उलटीसुलटी करून म्हणाला, "अण्णा, गाडी तुमची नव्हे की."

खरंच नव्हती. २०१६ ची गाडी, २०२२ साली कोल्हापूरच्या आतेभावाकडून घेतलेली. पैसे दिले, किल्ली घेतली, पेढे खाल्ले. नावावर करायचं राहिलं. कोल्हापूरचं एमएच-०९ पासिंग तसंच. आमच्या भागात अशा गाड्या घरटी सापडतील. नियम सांगतो, पास गाडीच्या मालकाला, आणि मालक २० किलोमीटरच्या आत राहणारा हवा. कागदावरचा मालक राहतो कोल्हापुरात. शिवाय परराज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, तोही नियम मी वर्षाहून जास्त काळ मोडतच होतो. पोराशी वाद घालण्यात काही अर्थ नव्हता.

घरी सांगितलं तर बाबा जेवता जेवता थांबले. "नंबर बदलायचा? एमएच-०९ बघूनच तर घेतली होती." त्यांचं म्हणणं मला कळत होतं. सीमाभागात नंबर प्लेट ही नुसती प्लेट नसते. २०२२ च्या डिसेंबरात सीमावाद तापला आणि धारवाडच्या रस्त्यावर हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तेव्हा ही गाडी आमच्याकडे नवीनच आली होती. आम्ही ती बरेच दिवस धारवाडच्या दिशेला नेली नाही. आणि तरीही बाबा ती रोज सकाळी पुसायचे, आधी प्लेट, मग काच.

आतेभावाला फोन केला तर तो हसतच सुटला. "टोल भरायसाठी कागद गोळा करूलायस व्हय? आम्ही नाकंच घालवलं की रं!" कोल्हापूरकराला हे म्हणायचा हक्क आहेच. तिथं शहरातलेच जवळपास ५० किलोमीटर रस्ते खाजगी कंपनीला बीओटीवर (कंपनीनं बांधायचं आणि टोलमधून पैसे काढायचे) दिलेले, बदल्यात शहरात शिरायच्या वाटांवर टोल. एन. डी. पाटील सरांसारखी माणसं म्हातारपणी रस्त्यावर उतरली. हेच सर सीमाप्रश्नात आमच्या बाजूनं उभे असायचे, म्हणून ती लढाई आम्हाला परकी वाटली नाही. २०१४ च्या जानेवारीत नाके पेटले, आणि २०१५ संपता संपता सरकारनं टोल रद्द केला. रस्त्याचे पैसे मात्र कुणी तरी मोजलेच, म्हणजे सरकारनं, म्हणजे तू, असं मी त्याला म्हणालो. त्यानं विषय बदलला.

आमच्या रस्त्याचं गणित वेगळं आहे. बेळगाव-खानापूर हा तीसेक किलोमीटरचा पट्टा 'हॅम' पद्धतीचा: बांधताना ४० टक्के पैसे सरकार देतं, उरलेले ठेकेदार उभे करतो आणि सरकार ते त्याला १५ वर्षं सहामाही हप्त्यांनी फेडतं. टोल ठेकेदाराच्या खिशात जात नाही, महामार्ग प्राधिकरणाकडे जातो. बेळगाव-धारवाड सहापदरी आहे बीओटी, तिथं टोल कंपनीचा. चहाच्या गाड्यावर हे समजावून सांगितलं तर शेजारचे काका म्हणाले, "म्हणजे आपल्या खिशातनं जातंय ते जातंयच न्हवं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

तर कागद. आधी कोल्हापूरहून एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, फॉर्म २८. अर्ज आतेभावाच्या नावानं, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि मोबाइल नेमका चार्जिंगला. त्यात गाडीवर पुण्यातलं नो-पार्किंगचं जुनं ई-चलन निघालं; ते भरल्याशिवाय अर्ज पुढं सरकेना. भरलं मी. गाडी त्या दिवशी कुणी लावली होती यावर आमच्यात अजून एकमत नाही.

मग बेळगाव. नव्या नंबरासाठी फॉर्म २७, नाव चढवायला २९ आणि ३०. आणि कर. कर्नाटकात नव्या पेट्रोल गाडीचा आजीवन कर किमतीप्रमाणे १३ पासून १८ टक्क्यांपर्यंत; जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होत जातो. तरी आकडा बघून मी खुर्ची शोधली. त्यात ३५० चे किती पास बसतात हे मी मोजलं होतं. बायकोला सांगितलेलं नाही. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, तो अर्ज केलाय.

तपासणीच्या दिवशी चेसिस नंबरची छाप घ्यायची असते. नंबर पत्र्यावर कोरलेला, वर तीन पावसाळ्यांचा चिखल. एजंटानं रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, कागदाची पट्टी दाबून धरली आणि शिसपेन्सिल आडवी घासली. काळ्यात एकेक पांढरं अक्षर उमटत गेलं. शेवटचा आकडा पुसट आला, म्हणून पुन्हा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो, तेच काम, फक्त फी भरून.

बेळगावचा केए-२२ नंबर आला. वाटलं झालं. पण खरी रखडपट्टी पुढं होती. जुना फास्टॅग एमएच-०९ च्या नंबरावर, आतेभावाच्या बँकेचा. तो बंद झाल्याशिवाय त्याच चेसिसवर नवा टॅग निघत नाही, एका गाडीला एकच टॅग. बँकेची हेल्पलाइन रोज सांगायची, "दोन दिवसांत होईल." एकदा म्हणाले मालकानं स्वतः बोलावं. मालक बोलला. मग म्हणाले, मालक तर बदललाय. तीन आठवडे असेच गेले. टॅगशिवाय कार नेली तर तेव्हा दुप्पट टोल पडायचा, म्हणून ते तीन आठवडे मी स्कूटरवर गेलो. दुचाकीला टोल नाही. खानापुरातला जूनचा पाऊस, अंगात रेनकोट, आणि नाक्याच्या कडेची दुचाकीची चिंचोळी वाट. तिथं गुडघ्याला लागेल असं पाणी उडायचं. शेजारून काचा वर केलेल्या गाड्या टुक वाजवून निघून जायच्या. त्या आवाजाचा इतका हेवा मला कधी वाटला नव्हता.

टॅग बंद झाला त्या दिवशी काचेवरचा जुना स्टिकर काढायला बायकोचा हेअर ड्रायर घेतला. सोलला की आतली तार तुटते, परत चिकटवून उपयोग नसतो. नवा टॅग, आरसी आणि आधार घेऊन नाक्यावर गेलो. तोच मुलगा. पाच-सात मिनिटांत पास चढला. "आता गाडी तुमची," म्हणाला.

२०२५ च्या १५ ऑगस्टला सरकारनं ३,००० रुपयांचा वार्षिक पास आणला: २०० खेपा किंवा एक वर्ष, आणि राहता कुठं असं कुणी विचारतही नाही. ऑफिसात सगळे माझ्याकडे बघून हसले. मी कागद काढून हिशोब मांडला. रोजच्या दोन खेपांनी २०० खेपा चार महिन्यांत संपतात. म्हणजे वर्षाला तीन पास, ९,०००. माझे बारा महिन्यांचे ४,२००, आणि खेपांना मर्यादा नाही. हसणं थांबलं. कराचा आकडा मी मांडला नाही.

नव्या प्लेटा बसवल्या त्या दिवशी बाबांनी जुन्या मागून घेतल्या. गाडीवर लावायच्या नाहीत, एवढंच वदवून घेतलं. संध्याकाळी बघतो तर एक गोठ्याच्या दारावर खिळ्यानं ठोकलेली. आमची म्हैस आता कोल्हापूर पासिंगची आहे.