पोर्ट वाईनचं वय: पिंपातलं आणि बाटलीतलं

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरातून लोखंडी पुलावरून दोरू नदी ओलांडली की विला नोव्हा द गाया लागतं. काठावर कौलारू गोदामं आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तिकीट काढून पोर्ट चाखता येते. गोव्यात ‘पोर्ट वाईन’ म्हणून स्वस्तात मिळते ती गोड असते खरी, पण तिचा या खोऱ्याशी संबंध नावापुरताच. खऱ्या पोर्टची द्राक्षं दोरूच्या वरच्या अंगाला, स्लेटसारख्या खडकाच्या उतारांवर पिकतात. त्या भागाची हद्द 1756 मध्येच आखली गेली.

गोडवा वरून साखर घालून येत नाही. रस दोन-तीन दिवस आंबला, साधारण निम्मी साखर अजून शिल्लक आहे, तेवढ्यात त्यात 77 टक्क्यांचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. 550 लिटरच्या पिंपामागे साधारण 110 ते 115 लिटर. यीस्ट मरतं, साखर तशीच राहते, आणि अल्कोहोल 19 ते 22 टक्क्यांवर जातं. म्हणून इथे एका वेळी 40-50 मिली पुरतात. जेवणातल्या वाईनसारखा ग्लास भरून प्यायला तर तिसऱ्या ग्लासनंतर चव कळणं बंद होतं.

पुढे वाईन कुठे आणि किती मुरली यावर तिचा प्रकार ठरतो. रुबी मोठ्या टाक्यांत थोडीच वर्षं राहते. रंग गडद लाल, वास जांभळाचा, करवंदाचा. टॉनी लहान लाकडी पिंपात मुरते, लाकडातून हवा लागते, दरवर्षी थोडी वाईन उडून जाते, रंग लालवरून विटकरी, मग मधासारखा होतो. व्हिंटेज पोर्ट मात्र एकाच वर्षाच्या पिकाची असते. पिंपात साधारण दोन वर्षं राहते आणि मग गाळल्याशिवाय बाटलीत जाते. खरं वय तिला बाटलीत येतं, 15-20 वर्षांनी. एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे उशिरा बाटलीत भरलेली) हीही एकाच वर्षाची, पण ती चार ते सहा वर्षं थांबून बाटलीत भरतात, त्यामुळे घेतली की लगेच पिता येते.

लेबलवरच्या आकड्याचा घोळ सगळ्यात जास्त होतो. टॉनीवरचे ‘20 वर्षं’ म्हणजे आतला प्रत्येक थेंब 20 वर्षांचा, असं नाही. वेगवेगळ्या वयाच्या वाईन एकत्र करून त्या वयाची चव साधतात आणि सरकारी संस्थेचं चाखणारं मंडळ ती पास करतं. एकाच वर्षाची टॉनी हवी असेल तर ‘कुल्येइता’ पाहायची, ती किमान सात वर्षं लाकडात असते. तिच्यावर बाटलीत भरल्याचं सालही छापलेलं असतं, तेही वाचा. टॉनी बाटलीत सुधारत नाही. 20 वर्षांची टॉनी घेऊन अजून दहा वर्षं कपाटात ठेवली तर ती 30 वर्षांची होत नाही, फक्त मरगळते.

चाखताना क्रम पांढरी (पांढऱ्या द्राक्षांची पोर्ट), रुबी, एलबीव्ही आणि शेवटी टॉनी, तीही कमी वयाकडून जास्त वयाकडे. उलटं केलं तर जुन्या टॉनीच्या गोडव्यापुढे रुबी आंबट आणि तुरट लागते. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडा बघा. रुबीचा जांभळा रंग कडेपर्यंत पोचतो, दहा वर्षांच्या टॉनीची कडा विटकरी, आणि चाळीस वर्षांच्या टॉनीला कडेशी हिरवट झाक दिसते. वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका, अल्कोहोलनं नाक बधिर होतं. तोंड थोडं उघडं ठेवून वरवर हुंगा. दहा वर्षांच्या टॉनीत सुकं अंजीर आणि संत्र्याची साल, विशीत अक्रोड आणि जळती साखर, चाळिशीत त्याला किंचित आंबट धार येते. ती धार थोडी असेल तर गुण, नाक झोंबलं तर दोष. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब आहे. बिनधास्त दुसरी मागा, इथे कुणी वाईट वाटून घेत नाही.

आमचं मत विचाराल तर पैसे 20 वर्षांच्या टॉनीवर घाला. चाळिशीची किंमत कितीतरी जास्त, आणि फळाचा वास बराचसा गेलेला असतो.

जुन्या व्हिंटेजला तयारी लागते. तळाशी गाळ असतो, म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा. बूच भुसभुशीत असतं आणि तुटणारच, असं धरून चाला. बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून न थांबता एका धारेत जगमध्ये ओता, गाळ मानेशी दिसला की थांबा. तळाची दोन बोटं वाईन जाते, जाऊ द्या. तुकडे पडलेच तर मलमलच्या कापडातून गाळा, पण ते साबणाशिवाय धुतलेलं हवं. कपाटातल्या डांबरगोळीचा वासही वाईनमध्ये उतरतो.

घरी नेणार असाल तर: भारतात विमानतळावर माणशी दोन लिटर मद्य शुल्काशिवाय नेता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. टोपीचं, हातानं निघणारं बूच असलेली बाटली घ्या, ती उघडल्यावर टिकते. टॉनी फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे, रुबी आठ-दहा दिवस. व्हिंटेज मात्र एक-दोन दिवसांत संपवावी लागते. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात ‘रूम टेम्परेचर’ला काही अर्थ नाही, 30 अंशांत नुसतं अल्कोहोल जाणवतं. टॉनी 12 ते 16 अंशांवर प्यायची, म्हणून फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. सोबत बदामाची चिक्की चांगली जाते, गुलाबजामपुढे मात्र वाईन पाणचट लागते. आणि व्हिंटेज मुरवायला नेऊ नका. गॅसच्या वरच्या फळीवर ती एका मे महिन्यात शिजते.