टेस्ट शून्य, टँक हिरवागार

वर्ध्याहून आजूबाजूच्या तालुक्यांत अ‍ॅक्वेरियमची सर्व्हिस करतो, त्यात खाऱ्या पाण्याचे टँक बोटावर मोजण्याइतके. हिंगणघाटकडच्या एका गावात जिनिंगवाल्या शेठच्या हॉलमधला ४०० लिटरचा रीफ, म्हणजे जिवंत कोरलचा टँक, हा माझा सगळ्यात आवडता. एप्रिलात गेलो तर खडकच दिसेनात. नुसती हेअर अल्गी, म्हणजे केसांसारखं शेवाळ, झोआ नावाच्या कोरलच्या कॉलनीवर पसरलेली, हॅमर कोरल अर्धवट उघडलेलं, पंपाच्या तोंडाशी गुंता.

शेठचं आधीच ठरलेलं, "आमचा गडीच खाद्य जास्त टाकते भाऊ, सांगून सांगून थकलो." गडी म्हणजे साठीतले काका, बाजूलाच उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. त्यात एका दुकानदारानं अल्गी मारायची बाटली गळ्यात मारलेली, तीही ओतून झाली होती. या बाटल्यांचा मला मनापासून राग आहे. अल्गी मरते, तिथंच सडते आणि तिनं खाल्लेलं सगळं परत पाण्यात येतं, मग नवी उगवते.

शेठनं टेस्ट किट दाखवली, "नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, मग हे खाते काय?" प्रश्न बरोबर होता. पण एवढी अल्गी असली की पाण्यात आलेलं ती लगेच ओढून घेते, किटला उरतच नाही काही, म्हणून शून्य दिसलं तर खूश व्हायचं नसतं. आधी एक तंतू उपटून पांढऱ्या बशीत भिंगाखाली पाहिला, पिसासारख्या फांद्या असत्या तर ब्रायोप्सिस ही दुसरी अल्गी, तिचा इलाज वेगळा. हा साधा तंतू होता. मासे मोजले, खाद्याचा डबा पाहिला, काका चिमूटभरच टाकतात.

मग काकांनाच विचारलं, टॉप-अपचं, म्हणजे उडालेल्याच्या जागी भरायचं पाणी कुठलं घेता? "किचनातल्या फिल्टरचं, शेठनंच सांगतलं." टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) टाकला, १९०. बोअरचं ९०० च्या घरात, म्हणजे आरओ मेम्ब्रेन ठीक असेल तर ४०-५० यायला पाहिजे. फिल्टरचं झाकण उघडलं तर आत टीडीएस कंट्रोलर, पाण्याला चव यावी म्हणून कच्चं बोअरचं पाणी परत त्यात मिसळणारा. कंपनीचा माणूस तो उघडा ठेवून जातो आणि घरच्यांना पत्ताच नसतो.

आता हिशोब बघा. चिलर नाही, पाणी थंड राहायला वर पंखा, बाहेर ४४ डिग्री, दिवसाला १० लिटर तरी उडतं. महिन्याला ३०० लिटर टॉप-अप. उडतं ते निव्वळ पाणी, बाकी सगळं टँकमध्येच राहतं. त्या फिल्टरच्या पाण्यात नायट्रेट १५ पीपीएम (लिटरला १५ मिलिग्रॅम) निघालं, म्हणजे टँकमध्ये महिन्याला ११ ची भर. आपल्याकडे शेतात खतं पडतात, बोअरमध्ये नायट्रेट उतरतं, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ आहे, माणसाला १५ चालतं. रीफसाठी आपण टँकमध्येच ५-१० च्या वर जाऊ देत नाही, आणि हे रोज वरून ओतलं जात होतं.

खडक एकेक करून टँकच्याच पाण्याच्या बादलीत टूथब्रशनं घासले, बाकीचं सायफननं ओढून फिल्टर सॉकमधून, म्हणजे गाळायच्या पिशवीतून काढलं. एकाच दिवसात सगळं साफ करायचा शेठचा आग्रह होता, मी ऐकलं नाही, कोरलला तो झटका बसतो. आरओ-डीआय युनिट (आरओनंतर उरलेले क्षार रेझिननं काढणारं) वेगळं लावून दिलं, टर्बो गोगलगायी सोडल्या, काकांना पेन वापरायला शिकवला.

आता पुढचे खडक स्वच्छ आहेत, मागचा मोठा अजून हिरवाच. त्यात फॉस्फेट मुरलाय, तो महिनोन्‌महिने सुटत राहील. काकांचा परवा फोन आला, "भाऊ, पेन आठ दाखवते, पाणी टाकू का नको?" नका टाकू म्हटलं, शून्य यायला पाहिजे, रेझिन संपलं असणार. शेठ अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला खाद्याचंच सांगतात, आणि पेनचे आकडे मी त्यांच्याच हातात ठेवले होते.