शेवटी येणाऱ्याचा मान

संक्रांतीच्या अलीकडचा नाहीतर पलीकडचा रविवार आमच्या मंडळात बाणेश्वरचा रविवार म्हणूनच ओळखला जातो. मंडळ मूळचं गणपतीचं, शुक्रवार पेठेतलं. पण गणपतीत प्रत्येकाच्या मागे काम असतं. कोणी मांडवाच्या मागे, कोणी परवानगीच्या मागे. निवांत बोलणं काही होत नाही. ते होतं बाणेश्वरला, नसरापूरजवळच्या देवळात, जिथे आम्ही दरवर्षी सायकलवरून सहल नेतो. पेठ सोडून धायरीला, कोथरूडला, पार वाघोलीला राहायला गेलेले जुने सभासद त्या दिवशी सायकल पुसूनबिसून पहाटे स्वारगेटला हजर होतात. पुणं हे सायकलींचं शहर होतं, त्या पुण्यात वाढलेली ही माणसं. आता त्यांतल्या कुणाचे गुडघे गेलेत, कुणाची बायपास झालीय, आणि कुणाचा मुलगा एका दिवसात दोनशे किलोमीटर मारून येतो. या सगळ्यांना एकाच दिवशी, सायकलवरून, एकाच पंगतीला आणून बसवणं सोपं नाही. आमच्या मंडळाला ते जमलंय, याचा मला फार अभिमान आहे.

सुरुवातीची काही वर्षं सगळे एकत्र सुटायचे. कात्रजच्या जुन्या घाटात लगेच फाटाफूट व्हायची. गिअरवाले पुढे, जुन्या काळ्या सायकलीवाले मागे, आणि हातात सायकल धरून चालणारे त्याहून मागे. बोगद्यापाशी सगळे थांबत, पण ते थांबणं कसं, तर पुढचे वीस मिनिटं बसून चिक्की खाऊन ताजेतवाने झालेले असत आणि शेवटची बाई धापा टाकत पोहोचली की कुणीतरी ओरडे, "चला, आले सगळे!" म्हणजे जिला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, तिलाच ती मिळायची नाही. दिवसभर हेच. दुसऱ्या वर्षी ती बाई यायची नाही, आणि का आली नाही हे कुणी विचारायचं नाही.

हे पहिल्यांदा बोलून दाखवलं ते आमच्या तेव्हाच्या कार्यवाहांनी. रेल्वेत नोकरी केलेला माणूस, वेळापत्रक रक्तात. त्यांनी नियम घातला की विश्रांतीची दहा मिनिटं शेवटचा माणूस सायकल स्टँडला लावेल तेव्हापासून मोजायची. इतका साधा नियम, पण त्या एका नियमानं आमची सहल बदलली. पुढच्यांना जाणवायला लागलं की पळून काही हाती लागत नाही. काही जण आपणहून मागच्यांबरोबर चालवायला लागले.

मग तीन तुकड्या झाल्या. पहिली पहाटे पाचला निघते; कात्रजचा घाट, बोगदा, शिंदेवाडी, खेड शिवापूर करत थेट कापूरहोळ, तिथून भोरच्या रस्त्याला लागून भाटघर धरणाची भिंत बघायची आणि माघारी नसरापूरला यायचं. साठाच्या वर किलोमीटर होतात, ज्यांच्या पायांत रग आहे त्यांची ती चांगली जिरते. दुसरी तुकडी साडेसहाला निघते आणि त्याच घाटानं, पण सरळ चेलाडी फाट्यापर्यंत येऊन उजवीकडे नसरापुरात वळते. ते पस्तीसेक किलोमीटर. तिसरी तुकडी माझी सर्वांत लाडकी. तिच्या सायकली टेम्पोत चढवून घाट ओलांडला जातो आणि शिवापूर फाट्यावर उतरवल्या जातात. तिथून बाणेश्वर बारा-तेरा किलोमीटर. शिवगंगा नदी वाहते त्याच दिशेनं जायचं असल्यामुळे रस्ता एकंदरीत उतरता आहे. पाय थकले तरी सायकल जरा पुढे जात राहते. निघण्याच्या वेळा अशा बसवलेल्या असतात की तिन्ही तुकड्या अकरा-साडेअकराच्या सुमाराला बाणेश्वरच्या झाडीत शिराव्यात. साठ किलोमीटर आलेला आणि बारा किलोमीटर आलेला एकाच वेळी हातपाय धुतो. माझ्या मते सगळी गंमत यातच आहे.

प्रत्येक तुकडीच्या पुढे कोण असावं, यावर आमच्या बैठकीत दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी मी माझंच म्हणणं पुढे रेटते. पुढे सर्वांत तगडा गडी नको. मधल्या वेगाची, गप्पिष्ट बाई हवी. जी सायकल चालवता चालवता अखंड वाक्य बोलू शकते तिचा वेग बरोबर. तिला दम लागून वाक्य तुटायला लागलं की समजावं, मागे कुणीतरी मेटाकुटीला आलंय. तगड्या गड्यांना मागे राखणीला ठेवायचं. नारिंगी फडकं बांधलेला राखणदार सर्वांच्या शेवटी, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. आणि प्रत्येक वळणावर एक मूल उभं करायचं, ते नारिंगी फडकं पुढे गेल्याशिवाय जागचं हलायचं नाही. या व्यवस्थेमुळे आजवर एकही माणूस आमच्याकडून रस्ता चुकून भलतीकडे गेलेला नाही. हायवेवर एकामागे एक चालायचं, यात मात्र कुणालाही सूट नाही.

२०१८ साली संयुक्त राष्ट्रांनी ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला, तेव्हा आपणही तोच दिवस धरावा अशी सूचना आली होती. सूचना चांगल्या मनानं आली होती, पण मी कडाडून विरोध केला. जूनच्या सुरुवातीला ऊन असतं नाहीतर वळवाचा मारा. आणि जो हळू चालवतो तोच सर्वांत जास्त वेळ रस्त्यावर असतो, म्हणजे ऊनही त्यालाच जास्त लागणार. पौषातली थंडी सगळ्यांना सारखी सोसते. शिवाय भोगीची भाजी जूनमध्ये कुठून आणायची?

स्वारगेटला निघण्याआधीचा अर्धा तास मला फार आवडतो. आमचे सायकलवाले मामा पाना घेऊन रांगेतून फिरतात. ते कुणाला काही विचारत नाहीत. माणसाला सीटवर बसवतात, दुसऱ्याला हँडल धरायला लावतात आणि म्हणतात, "टाच ठेव पेडलवर." पेडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला तर ठीक, वाकलेला राहिला तर सीट वर. आमच्या बायका बहुतेक सगळ्या सीट खाली ठेवून बसतात, पाय टेकायची धास्ती म्हणून, आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. मामा सीट दोन बोटं वर करतात, बाई घाबरते, मामा म्हणतात, "फाट्यापर्यंत चालवून बघा, नाही जमलं तर परत खाली करतो." परत खाली करायला आलेलं कुणी मला आठवत नाही. मग अंगठ्यानं टायर दाबून बघणं, चेनवर तेलाचा थेंब, ब्रेकचे गुटके तपासणं. हे सगळं ते पैसे न घेता करतात, आणि त्या दिवशी त्यांचं दुकान बंद असतं.

बाणेश्वरला पोहोचल्यावर दर्शन, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत, अहवाल, हिशोब हे सगळं रीतसर होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं हे मंदिर. तिथली घंटा वसईच्या १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून मिळवलेल्यांपैकी आहे आणि तिच्यावर १६८३ साल आहे, हे आमच्या शाळेतल्या बाई दरवर्षी नव्या मुलांना सांगतात आणि मुलं मान वर करकरून बघतात.

मग येतो तो भाग, ज्यासाठी मी वर्षभर वाट बघते. आमच्या पेठेतल्या मागच्या पिढीला मुंबई-पुणे सायकल शर्यतीचं वेड होतं. बोरघाट सर्वांत आधी चढेल त्याला त्या शर्यतीत 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि आमचे वडीलधारे त्या राजांच्या गोष्टी तासन्‌तास सांगायचे. आमच्याकडे मान उलटा आहे. त्या दिवशी सर्वांच्या शेवटी जो पोहोचेल, राखणदार सोडून, त्याला फेटा बांधायचा, त्याच्या हातून नारळ फोडायचा आणि त्यानं चार शब्द बोलायचे. तयारीला वेळ मिळत नाही, कारण आपण शेवटचे हे त्याला पोहोचल्यावरच कळतं. म्हणूनच ती बोलणी खरी असतात.

एका वर्षी तिसऱ्या तुकडीतले निवृत्त एसटी ड्रायव्हर शेवटी आले. बायपास झालेली, डॉक्टरांनी घाट नको म्हटलेलं. आयुष्यभर याच रस्त्यानं भोरची गाडी नेलेला माणूस. फेटा बांधून उभे राहिले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हा रस्ता मी फक्त काचेतून बघितला. आज कळलं की याला वास आहे. हरभऱ्याच्या शेताचा आला, ओढ्याचा आला. माझ्या गाडीला फक्त डिझेलचा होता." मग त्यांनी स्वारगेटपासून भोरपर्यंतचे सगळे थांबे कंडक्टर पुकारतो तसे एका दमात म्हणून दाखवले. शेवटचा थांबा आला तेव्हा त्यांची बायको पदरानं डोळे पुसत होती, आणि आमच्यातलेही कितीतरी जण.

दुसरी आठवण पेटी शिकवणाऱ्या मास्तरांची. त्यांना दिसत नाही. आमच्या एका इंजिनिअर सभासदानं दोघांची सायकल आणली होती. पुढे तो, मागे मास्तर. ही सायकल सपाटीवर छान पळते, पण चढाला जड, त्यामुळे दुसऱ्या तुकडीत ते दोघं घाटापासूनच मागे पडले ते शेवटपर्यंत. फेटा दोघांना बांधला. मास्तर म्हणाले, "बोगदा आला हे मला कुणी सांगावं लागलं नाही. चेनचा आवाज एकदम भरून आला, जसा तानपुरा लावल्यावर खोलीत भरतो." पुढे म्हणाले की आयुष्यभर लोक हाताला धरून त्यांना नेतात, आज पहिल्यांदा त्यांच्या पायांच्या जोरावर दुसरा एक माणूस पुढे गेला. एवढं बोलून त्यांनी अभंग म्हटला. आजही पुण्यात ती दोघांची सायकल दिसली की माझा गळा दाटून येतो.

आणि डबे करणाऱ्या आमच्या काकू, नातीकडून साठीच्या घरात सायकल शिकलेल्या. "मला बसता येतं, उतरता येतं, वळता येत नाही. वळण आलं की उतरून चालले, पण आले," एवढंच बोलून त्या खाली बसल्या. त्यांच्या नातीनं मारलेली शिट्टी माझ्या कानात आहे.

म्हणूनच मला एक गोष्ट लागते, आणि ती मी इथे लिहिणारच. पहिल्या तुकडीतली काही मंडळी आधी येतात, फोटो काढतात, भाकरी खातात आणि हे चार शब्द ऐकायच्या आत पुण्याला निघतात, दुपारी दुसरीकडे जायचं म्हणून. एका वर्षी प्रमुख पाहुणेही दीप लावून, स्वतःचं भाषण करून निघून गेले. तेव्हापासून पाहुण्यांचं भाषण शेवटच्या माणसानंतर ठेवलंय. आणि गटावर 'नक्की येणार' लिहून न येणारे! तिसऱ्या तुकडीतल्या एकेका जागेसाठी टेम्पोत सायकली कशा रचाव्या याचा हिशोब रात्री उशिरापर्यंत चाललेला असतो. रिकाम्या राहिलेल्या जागेवर पेठेतली दुसरी एखादी आजी आली असती.

ज्यांच्याशिवाय हा दिवस उभा राहत नाही त्यांची आठवण काढल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. टेम्पोवाले दादा, जे सायकलींच्या मध्ये घालायला घरच्या जुन्या गोधड्या आणतात. शिवापूर फाट्यावरच्या टपरीवरच्या ताई, ज्या आमच्यासाठी बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली ठेवतात. नसरापूरच्या बचत गटातल्या बायका: तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी, आणि ज्यांना बाजरी चालत नाही त्यांच्यासाठी न सांगता ज्वारीची. पेठेतल्या डॉक्टरीणबाई, ज्या दुसऱ्या तुकडीच्या मागे आपल्या गाडीतून हळूहळू येतात आणि कुणाला लाजवल्याशिवाय गाडीत घेतात. नारिंगी फडकी शिवणाऱ्या आत्या. मार्गाच्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरांत काढून देणारे झेरॉक्सवाले. कात्रजच्या चौकात पहाटे आम्हाला वाट करून देणारे हवालदार. देवळातले गुरव, जे आमच्या बूटचपलांकडेही लक्ष ठेवतात. वळणांवर थंडीत उभी राहणारी सातवी-आठवीतली मुलं, ज्यांना स्वतःला पुढे पळायची किती हौस असते ते मी बघते. आणि दरवर्षी राखणदार होणारा आमचा तो बँकेतला मुलगा, जो मनात आणलं तर पहिल्या तुकडीतही सर्वांच्या पुढे असेल. पेठेतच थांबून उरलेल्या म्हाताऱ्यांना दुपारी जेवण पोहोचवणाऱ्या दोन वहिनी बाणेश्वरला कधीच दिसत नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेख अहवालात राहतो; तो या वर्षीपासून पहिल्या पानावर यावा असं मी कार्यवाहांना कळवलंय. तिळगूळही त्यांच्याच घरी वळला जातो.

यंदा तिसऱ्या तुकडीसाठी दुसरा टेम्पो सांगितला आहे. ज्यांना जागा हवी त्यांनी मामांच्या दुकानात आधी सायकल दाखवून सीट लावून घ्यावी. पहिल्या तुकडीनं त्या रविवारी दुपारची दुसरी कामं ठेवू नयेत, फेटा बांधून होईपर्यंत सगळ्यांनी बसायचं आहे.