मांडवीच्या किनाऱ्यावर हिवाळी मुक्काम: आडोसा दुपारचा नको, पहाटेचा बघा

नागपूरकराला डिसेंबरची थंडी नवीन नाही, पारा दहाच्या खाली आपल्याकडेही उतरतो. कच्छच्या किनाऱ्यावर झोप उडवतो तो वारा. तो दिवसा एकीकडून येतो, रात्री दुसरीकडून.

प्रेरणा एक्स्प्रेसनं अहमदाबाद, तिथून रस्त्यानं भुज साधारण ३३० किलोमीटर, पुढे मांडवी ६०. रेल्वेत गॅसचा डबा नेता येत नाही, तो अहमदाबादेतच घ्यावा.

मांडवीचा किनारा दक्षिणेला तोंड करून आहे. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून चारला पोचलेला माणूस वाळूच्या टेकाडाच्या जमिनीकडच्या अंगाला तंबू ठोकतो. अंधारात वारा पडतो, बरं वाटतं. मध्यरात्रीनंतर मात्र उत्तर-ईशान्येकडून गार वारा चालू होतो आणि तोच तंबू उघड्यावर येतो. दक्षिणेला टेकाड आणि उत्तरेला झुडपं, अशी पूर्व-पश्चिम लांब खळगी शोधा. उत्तर-दक्षिण घळ दिसायला छान, पण वारा तिच्यातूनच जोरात घुसतो.

वाळूवरच्या लहरींवर विसंबू नका. त्यांची उभी बाजू वारा गेला त्या दिशेला असते हे खरं, पण त्या शेवटच्या जोरदार वाऱ्याच्या, म्हणजे बहुधा दुपारच्याच. झुडपामागे साचलेली वाळूची शेपटी तर पावसाळी वाऱ्याचीही असू शकते. त्यापेक्षा उदबत्ती लावून गुडघ्याएवढ्या उंचीवर धरा. धूर सरळ एकीकडे गेला तर वारा लागतोय. गोल फिरून परत आला तर तिथे भोवरा आहे, रात्री वाळू तिथेच पडणार. भिंत किंवा उभ्या टेकाडाच्या अगदी पायथ्याशी असं हमखास होतं. थोडा वारा गाळून सोडणारी वेड्या बाभळीची रांग त्याहून चांगली, तिच्या उंचीच्या पाचेक पट अंतरापर्यंत तरी आडोसा मिळतो. फक्त काटे वेचा. सुकलेला काटा तंबूच्या तळातून थेट हवेच्या गादीत शिरतो.

तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या इथे कुचकामी. दहा किलो तांदळाच्या रिकाम्या पिशव्या इतवारीतून घेऊन निघा, एका तंबूला आठ. पिशवी वाळूनं भरून मधोमध दोर बांधा, हातभर खोल आडवी पुरा आणि वर वाळू पायानं दाबा. दोर जमिनीशी ४५ अंश किंवा त्याहून कमी कोनात ताणा, उभा दोर पिशवी उपसून काढतो. आधी कन्हान नदीच्या वाळूत एकदा करून बघा, हात बसतो.

तंबूची अरुंद बाजू ईशान्येला ठेवा. जाळीतून बारीक वाळू गळतेच, आतून जुनी चादर लावा. चेन अडकली तर तेल लावू नका, वाळू आणखी चिकटते. कोरडा टूथब्रश पुरतो.

भरतीची खूण म्हणजे शेवाळ-काटक्यांची वरची रेघ. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी त्याहूनही वर येतं, तेव्हा टेकाडाच्या समुद्राकडच्या पायथ्याशी झोपू नये, आडोसा कितीही चांगला असला तरी.

स्टोव्हला वाऱ्याच्या बाजूनंच आडोसा द्या. चारी बाजूंनी पत्रा लावला तर खालचा गॅसचा डबा तापून फुटू शकतो. तंबूत तर चूल नकोच. त्यापेक्षा गावातून दाबेली बांधून आणा, ती मूळची मांडवीचीच. सीमेजवळचा जिल्हा आहे, मुक्कामाआधी पोलीस ठाण्यात कळवा आणि ओळखपत्र जवळ ठेवा.