आतडी चिकटली कशी, हे विचारलंत म्हणून

"डॉक्टर, ऑपरेशननंतर आतडी चिकटली म्हणजे तुमचंच काहीतरी आत राहिलं असणार ना?"

लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न मला सोडत नाही. तर राहिलं काहीच नव्हतं. कात्री नाही, कापूस नाही.

पोटाच्या पोकळीला आतून आणि आतड्यांना वरून पेशींच्या एकाच थराचं चकचकीत अस्तर असतं. या मेझोथेलियल पेशी. ऑपरेशनमध्ये गॉज घासलं, हात फिरला, की तिथे द्राव पाझरतो आणि फायब्रिनचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं, चिकट जाळं धरतं. ते धरायलाच हवं. फुटलेल्या अपेंडिक्सचा पू पोटभर पसरू नये म्हणून हेच जाळं आडवं येतं. पुढे ते वेळेत विरायला मात्र हवं, आणि विरवतात याच पेशी. त्या टीपीए नावाचं विकर सोडतात, त्यानं द्रावातल्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन होतं आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे तुकडे करतं. मेंदूतली गुठळी विरघळवायला टीपीएचंच महागडं इंजेक्शन देतात. पोटात ते घरचंच. पण पेशी दुखावल्या किंवा रक्तपुरवठा आवळला गेला, की टीपीए घटतं आणि त्याला अडवणारं पीएआय-१ वाढतं. जाळं आठवडाभर टिकलं तर त्यात कोलॅजनचे घट्ट धागे भरतात, रक्तवाहिन्या शिरतात. मग तो आतडी बांधून ठेवणारा दोरच होतो.

एवढं ऐकल्यावर लोक म्हणतात, "म्हणजे तुमचा दोष नाही." आणि तिथेच मी अडखळतो.

१९८६. तालुक्याच्या गावी एक शिक्षिका आल्या, अपेंडिक्स फुटलेलं. ते काढलं, पोट धुतलं, आणि बाजूच्या पोटाच्या भिंतीवर अस्तर सोलून उरलेली रुपयाएवढी कच्ची जागा मी टाके घालून झाकली. टाके इतके सुबक की सिस्टरांनी कौतुक केलं. चार वर्षांनी त्याच बाई हिरव्या उलट्या करत आल्या. पोट नगाऱ्यासारखं, एक्स-रेत पाण्याच्या पातळ्या, म्हणजे आतडं तुंबलेलं. दोन दिवस नाकातून नळी घालून वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पोट उघडलं. बोटाएवढा जाड पट्टा, त्याखाली अडकून जांभळं पडलेलं आतडं. आणि पट्ट्याचं एक टोक नेमकं माझ्या टाक्यांच्या रेघेवर.

तेव्हा असंच शिकवायचे, कच्ची जागा उघडी ठेवू नका. शिकवायचे, हे खरं. पण ब्रिटिश सर्जन हॅरॉल्ड एलिस यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं, की ती उघडी ठेवली तर बहुधा गुळगुळीत भरून येते. टाक्यांनी आवळून रक्त तोडलं की चिकटते. छापून चोवीस वर्षं झाली होती. मी वाचलं नव्हतं. तरीही पू झालेल्या पोटात टाक्यांवाचूनही आतडी चिकटतात, हेही तितकंच खरं, आणि हा मुद्दा मी सोडणार नाही. सोयीचा आहे म्हणून धरलाय का? असेलही.

पट्टा कापला. गरम पाण्याचे गॉज ठेवल्यावर आतडं हळूहळू गुलाबी झालं. जागा पुन्हा कच्ची. सिस्टरांनी सवयीनं सुई पुढे केली. मी "राहू द्या" म्हणालो, पण हात दोनदा तिकडे गेला.

शुद्धीवर आल्यावर बाईंनी विचारलं, "परत चिकटतील?"

"चिकटू शकतात."

त्या पुन्हा माझ्याकडे आल्या नाहीत. बऱ्या राहिल्या म्हणून, की दुसरा डॉक्टर गाठला म्हणून, हे विचारायला मीही कधी त्यांच्या शाळेत गेलो नाही.