यारा खोऱ्यातली थंड शार्डोने

मेलबर्नहून निघालेली लोकल लिलीडेलला संपते आणि तिथून पुढे दोन रस्ते फुटतात. डावीकडचा मरूंडा हायवे कोल्डस्ट्रीमवरून हील्सव्हिलला जातो. वाइनसाठी येणारी बहुतेक मंडळी हाच रस्ता धरतात, कारण सेलर डोअर, म्हणजे वाइनरीच्या दारातच चव घेऊन बाटली विकत घ्यायची सोय, बहुतेक याच बाजूला आहे. उजवीकडचा वॉरबर्टन हायवे वँडिन, सेव्हिल करत वूरी यालकला पोचतो. आम्ही आधी उजवीकडे वळलो. मला शार्डोने, म्हणजे त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन, चाखायच्या आधी तिची माती बघायची होती.

मी निफाडच्या बाजूला द्राक्षबागांमध्ये वाढलो. यारा खोऱ्यात आधी काय दिसलं असेल तर तो वेलीचा निवांतपणा. आमच्याकडे वेलीला झोप नाही. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) झाली की ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठी), आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापत असताना घड उतरतात. इथे हिवाळ्यात वेल खरोखर झोपतो. एकदाच छाटणी होते, सप्टेंबरच्या सुमारास डोळे फुटतात आणि फळ पिकत जातं ते उन्हाळा सरता सरता, रात्री गार होत असताना.

वरच्या यारात, ग्लॅडिसडेल आणि हॉडल्स क्रीककडे, रस्ता चढू लागतो आणि माती एकदम लाल होते. ही ज्वालामुखीची माती, खोल आणि पाणी धरून ठेवणारी. वाटेत बेरीचे मळे, चेरीच्या बागा, मागच्या डोंगरावर उंचच उंच माउंटन ॲश, म्हणजे निलगिरीच्या जातीची झाडं. खाली खोऱ्याच्या तळाला माती करडी, रेताड आणि चिकण अशी मिश्र आहे आणि हवा उबदार. खोऱ्यातल्या बागा साधारण 50 ते 400 मीटर उंचीवर पसरल्या आहेत. तळाची आणि वरची शार्डोने एकाच यारा व्हॅलीच्या नावाने विकली जाते, पण त्यांचा स्वभाव फार वेगळा आहे.

बागेत शिरायला मिळत नाही आणि ते योग्यच आहे. 2006 मध्ये या खोऱ्यात फिलॉक्सेरा सापडला. मुळं खाणारी ही कीड बुटाच्या मातीतूनही पसरते. इथल्या जुन्या वेली बहुतेक स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, या किडीला दाद न देणाऱ्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळांवर, कलम केलेल्या नाहीत. आमच्याकडे क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण यांमुळे डॉगरिज खुंटाशिवाय बाग लावायचा विचारही आता कुणी करत नाही. इथे हळूहळू जुन्या वेली काढून खुंटावरच्या लावणं चाललं आहे. एक जुनी बाग जाते तेव्हा तिच्याबरोबर काय जातं, हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही.

कुंपणाबाहेरून एका बागेतला घड मात्र नीट बघता आला. एकाच घडात काही मणी टपोरे, काही अगदी बारीक. आमच्या निर्यातीच्या मालात असा घड सरळ बाजूला पडला असता. मणी एकसारखे यावेत म्हणून आम्ही थिनिंग, म्हणजे मण्यांची विरळणी, करतो, जीए या वाढीच्या संजीवकात घड बुडवतो. शार्डोनेच्या मेंडोझा नावाच्या क्लोनमध्ये, म्हणजे निवडून वाढवलेल्या वाणात, हा विषमपणा हवाहवासा असतो. बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून चव दाट. चांगल्या मालाची माझी व्याख्या त्या कुंपणापाशी जरा हलली.

दुपारी हील्सव्हिलकडून फिरून कोल्डस्ट्रीमला ओकरिज या वाइनरीच्या सेलर डोअरला आलो. गाडी भाच्याकडे होती, त्यामुळे तो फक्त ग्लासचा वास घेणार होता. 'मामा, तुम्ही प्या आणि मला सांगा,' म्हणाला. मी आधी तळाकडच्या एका बागेची शार्डोने मागितली आणि मग विलोलेक, 2021 ची. विलोलेक ही ग्लॅडिसडेलची बाग, 1979 मध्ये लावलेली, वरच्या यारातल्या सगळ्यांत जुन्यांपैकी. आणि 2021 हे या भागात थंड, सावकाश पिकलेलं वर्ष.

पहिल्या ग्लासात पिकलेलं पीच, थोडा बदाम, जिभेवर ऐसपैस बसणारी गोलाई. सुखाची वाइन. दुसऱ्या ग्लासाने सुरुवातीला काहीच दिलं नाही. फ्रिजमधून नुकती काढलेली होती, नाकाला फक्त काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास आला. मी ग्लास तसाच हातात धरून बसलो. जरा वेळाने ती उघडायला लागली: पपनसाची साल, पांढरं पीच, मग ओल्या दगडासारखं काही, आणि शेवटी जिभेच्या कडांना खारट म्हणावी अशी चव. घोट गिळल्यावरही ती चव बराच वेळ रेंगाळली. मला चांगल्या शार्डोनेची खरी परीक्षा इथेच वाटते. तोंडात असताना ती किती बोलते याला मी फार महत्त्व देत नाही, गेल्यावर किती राहते ते बघतो.

हे येतं आम्लातून. द्राक्षातलं मॅलिक आम्ल, कच्च्या सफरचंदात असतं तेच, उष्णतेत झपाट्याने जळून जातं. रात्री गार असतील तर साखर चढत असतानाही ते टिकतं. पुढचं काम वाइनमेकरचं, आणि ते बरंचसं हात आवरण्याचं आहे. घड अख्खेच दाबायचे, रस थोडा गढूळ ठेवून बागेतल्याच यीस्टवर आंबवायचा, मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्लात होणारं रूपांतर पुष्कळदा रोखायचं, आणि नव्या ओकच्या लाकडाच्या चवीचा मारा टाळण्यासाठी 500 लिटरची मोठी पिंपं वापरायची. वरणावर लिंबू पिळलं की तूप जड लागत नाही, तसं या आम्लाने ओक आणि तळाच्या यीस्टच्या गाळावर मुरल्याचा स्निग्धपणा दोन्ही तोलले जातात.

ऑस्ट्रेलियाची शार्डोने नेहमी अशी नव्हती. 1980 आणि 90 च्या दशकांत तिचा जगभर बोलबाला झाला तो पिवळीधमक, लोण्यासारखी, ओकने भरलेली म्हणून. मग लोकांना तिचा वीट आला. त्यावर उपाय म्हणून थंड भागांत द्राक्षं लवकर तोडायची लाट आली. वाइनमेकर डेव्हिड बिकनेल 2002 मध्ये ओकरिजला आला आणि या आटोपशीर शैलीला वळण देणाऱ्यांत त्याचं नाव आघाडीवर आहे. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. पण ही लाट काही ठिकाणी फार पुढे गेली, हेही म्हणायला हवं. त्याच दिवशी दुसरीकडे चाखलेल्या एका वाइनमध्ये काडेपेटीच्या वासाखाली काहीच नव्हतं. आम्ल टोकदार, मधला भाग पोकळ. द्राक्ष चवीला पिकण्याआधी तोडलं की असं होतं आणि गंधकाचा तो वास थोडा वेळ ते झाकून ठेवतो. यीस्टला नायट्रोजन कमी पडला, रस गढूळ असला की हा वास येतो. थोडा असला तर वाइनला धार येते, जास्त झाला तर सगळ्या बागा सारख्याच लागतात. आणि एका बागेचं नाव लेबलवर छापायचं असेल तर ती बाग ग्लासात सापडलीच पाहिजे.

विलोलेकमध्ये ती सापडते. तरी माझी एक तक्रार आहे: ती फार कोवळी विकली जाते. मधला भाग आत्ता आवळलेला आहे, आणखी पाचेक वर्षांनी तो भरेल असं मला वाटतं. सेलर डोअरला ती इतकी गारही देऊ नये. तुलनेची बरगंडी, म्हणजे फ्रान्सच्या त्या भागातली शार्डोने, घ्यायची तर कितीतरी जास्त पैसे पडतात, म्हणून दोन बाटल्या घेऊन एक ठेवून देणं परवडतं.

आपल्याकडे अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीने शार्डोने लावली आहे आणि ती मी आवडीने पितो. तिच्यात ऊन आहे आणि ते लपवायचं कारण नाही. सोलापूर जिल्ह्यात ग्लॅडिसडेलचं आम्ल मागणं मला चुकीचं वाटतं. तिथली चांगली शार्डोने तिथल्या उन्हातूनच घडवावी लागेल, आणि त्यासाठी तोडणीचा दिवस नेमका साधणं ओकच्या पिंपापेक्षा जास्त मोलाचं ठरेल.

जाणार असाल तर मार्चमध्ये जा, तेव्हा वरच्या बागांवर पक्ष्यांसाठी जाळ्या असतात आणि तोडणी चालू असते. सकाळी वॉरबर्टनचा रस्ता, दुपारी कोल्डस्ट्रीम, हाच क्रम ठेवा. चव घेण्यासाठी आधी बुकिंग करा. व्हिक्टोरियात गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.05 टक्के आहे आणि तपासणी कडक असते, तेव्हा चालवणारा माणूस न पिणाराच हवा. आणि ग्लास हातात आला की लगेच पिऊ नका, जरा उबेला येऊ द्या.